वारावरचं जेवण आणि हार्वर्डचं दार

२०२३ सालची आषाढी एकादशी २९ जूनला होती. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास भगर-आमटी उरकून टीव्हीवर पंढरपूरची गर्दी बघत बसले होते, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर न्यू जर्सीहून मावसबहिणीचा मेसेज आला: "इथलं आरक्षण गेलं एकदाचं!" पुढे फटाक्यांची तीन चित्रं. तिचा मुलगा तेव्हा दहावी संपवून अकरावीत जाणार होता. म्हणजे वर्षभरात कॉलेजच्या अर्जांची धावपळ सुरू. पाच मिनिटांत पुण्याच्या काकांनी तो मेसेज उचलला आणि खाली स्वतःची ओळ जोडून आणखी तीन ग्रुपांवर टाकला: "अमेरिकेला कळलं, आपल्याला कधी कळणार? निकष फक्त आर्थिकच हवा."

झोपेपर्यंत तो मेसेज चार वेगवेगळ्या दिशांनी माझ्याकडे परत आला. मी काही लिहिलं नाही. काकांशी ग्रुपवर वाद घालायचा नाही असं आईला कबूल केलेलं आहे. इथे लिहायला हरकत नाही, काका फक्त फॉरवर्ड वाचतात.

आधी त्या वाक्यातली साधी चूक. अमेरिकेतलं आरक्षण त्या दिवशी गेलं नाही, कारण ते १९७८ सालीच गेलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढत असत. ॲलन बाकी नावाच्या गोऱ्या इंजिनिअरला दोनदा प्रवेश नाकारला गेला, तो कोर्टात गेला आणि जिंकला. (आडनावाचा उच्चार खरंच असा आहे. भागाकारात उरते ती.) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राखीव जागा चालणार नाहीत, पण वर्गात विविधता असावी म्हणून अर्जदाराचा वंश इतर गोष्टींबरोबर लक्षात घ्यायला हरकत नाही. पुढची ४५ वर्षं हेच चाललं. मिशिगन विद्यापीठ पदवीच्या प्रवेशात १५० पैकी २० गुण वंशासाठी सरळ देऊन टाकायचं, तेही २००३ मध्ये बंद झालं. त्याच दिवशी दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी आशा व्यक्त केली की आणखी २५ वर्षांनी या सगळ्याची गरज उरणार नाही. २५ वर्षं भरलीच नाहीत. विसाव्या वर्षी, आपल्या एकादशीला, मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन विद्यापीठांच्या खटल्यांत वंश बघण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. गेलं ते आरक्षण नव्हे, एक झुकतं माप होतं.

आणि त्या मापाचं समर्थन पहिल्यापासून लंगडं होतं असं मला वाटतं. जून १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात (हार्वर्ड नव्हे) बोलले तेव्हा मुद्दा स्वच्छ होता. वर्षानुवर्षं साखळदंडात ठेवलेल्या माणसाला सोडवायचं, शर्यतीच्या रेषेवर आणून उभं करायचं आणि म्हणायचं, चल, आता पळ सगळ्यांबरोबर, याला न्याय म्हणत नाहीत. ही भाषा आपल्याला लगेच कळते. पण ॲलन बाकीच्या खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी समाजाने केलेल्या जुन्या अन्यायाची भरपाई हे कारण बाजूला ठेवलं आणि विविधता तेवढी मान्य केली. म्हणजे काळ्या विद्यार्थ्याला वर्गात घ्यायचं ते त्याचं काही देणं लागतो म्हणून नव्हे, त्याच्या असण्याने बाकीच्यांचं शिक्षण समृद्ध होतं म्हणून. जेवणात लोणचं हवं तसं. आपल्या घटनेने निदान शब्द चोरले नाहीत. 'सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले' असं सरळ लिहिलं. अमेरिकन विद्यापीठांनी ४५ वर्षं खरं कारण पोटात ठेवून भलतंच कारण ओठांवर आणलं. कोर्टाने ते भलतं कारण पाडलं तेव्हा खऱ्याची बाजू मांडायला जागाच उरली नव्हती.

आता काकांचं दुसरं वाक्य. निकष फक्त आर्थिक हवा. याला उडवून लावणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही, कारण या म्हणण्यात दम आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये कॉलेजांची आकडेवारी काढली तेव्हा अमेरिकेत ३८ कॉलेजं अशी सापडली जिथे वरच्या १ टक्का घरांतली मुलं खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. २०२३ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असले तरी नामवंत खाजगी विद्यापीठांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलापेक्षा अतिश्रीमंताच्या मुलाला दुपटीहून जास्त. वंशाकडे लक्ष देणारी ही विद्यापीठं गरिबीकडे ढुंकून बघत नव्हती. २००४ मध्ये हार्वर्डच्याच दोन काळ्या प्राध्यापकांनी, हेन्री लुईस गेट्स आणि लानी ग्विनिअर यांनी, बोट ठेवलं होतं की तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त, कदाचित दोनतृतीयांश, हे आफ्रिका किंवा कॅरिबियनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या, नाहीतर काही मिश्रवंशीय जोडप्यांच्या घरचे आहेत. ज्यांचे खापरपणजे मिसिसिपीच्या कापसात राबले त्यांची मुलं थोडीच. आपल्याकडे याला क्रीमी लेयर म्हणतात आणि १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने तो ओबीसींसाठी वेगळा काढायला लावला. अमेरिकेत ती चाळणी कधी लागलीच नाही. आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या बंद पडलेल्या खाणीजवळच्या गोऱ्या मुलाचं काय, हा प्रश्न विचारला की सगळे घसा खाकरायचे. त्या देशात गरीब गोरे संख्येने गरीब काळ्यांपेक्षा बरेच जास्त आहेत.

तेव्हा आर्थिक निकष हवा. माझा प्रश्न त्या 'फक्त'शी आहे.

हे समजावून सांगायला मला अमेरिकेत जायची गरज नाही, आमच्याच घरात गोष्ट आहे. आमचे आजोबा, म्हणजे मावसबहिणीचे आणि माझे दोघींचे, वारावर जेवून शिकले. घरातल्या प्रत्येक मुंजीत आणि बारशात ही गोष्ट सांगितली जाते. रत्नागिरीकडच्या खेड्यातून पुण्यात आले, वय तेरा, अंगावर एक सदरा, दुसरा वाळत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. गुरुवारच्या घरच्या काकू तूप वाढताना हात आखडता घ्यायच्या, शनिवारच्या वाड्यात पंगत उठेपर्यंत ताटकळायला लागायचं आणि एका वाराचं घर कधी लागलंच नाही, त्या दिवशी भिजवलेले शेंगदाणे. रात्री देवळाच्या ओवरीत अभ्यास. ही गरिबी खरी होती. आजोबांना म्हातारपणीसुद्धा पानात टाकलेलं बघवत नसे.

पण त्या गोष्टीत सहा घरं आहेत. ती सहा घरं आम्ही मोजत नाही. परक्या गावात आलेल्या, ओळख ना देख अशा पोराला सहा घरांनी स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिलं, पाट मांडला, ओवरीत झोपू दिलं. का? आडनाव ऐकून. १९३० च्या आसपासच्या पुण्यात तेवढाच हुशार, तेवढाच उपाशी, तशाच फाटक्या सदऱ्याचा महाराचा मुलगा आला असता तर त्याचा वार कुणी लावला असता? तो मुलगा आणि आमचे आजोबा, दोघांच्याही उत्पन्नाच्या दाखल्यावर सारखाच आकडा पडला असता: शून्य.

गरीब असणं आणि दार बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही येतात तेव्हा त्या एकच वाटतात. उलट्या बाजूनेही बघा. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, बडोदा संस्थानात नोकरीला लागलेले डॉ. आंबेडकर पैसे मोजून पारशी खाणावळीत राहिले, तर जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी त्यांच्या हाती पगाराची नोकरी होती. आणि मी ज्या पंढरपूरची गर्दी टीव्हीवर बघत होते तिथे चोखोबांची समाधी देवळाच्या दाराबाहेर आहे. दलितांना आत घ्यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. तिथे कुणी उत्पन्न विचारत नव्हतं.

अमेरिकेतलं बंद दार घराचं होतं, शब्दशः. १९३० च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या लाल. लाल म्हणजे कर्ज धोक्याचं. युद्ध संपल्यावर सैनिकांना स्वस्त गृहकर्जं मिळाली आणि १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन उभं राहिलं: एकसारखी छोटी घरं, किंमत आठ हजार डॉलरच्या आसपास, गिरणीतल्या कामगारालाही झेपेल अशी. अट एकच, गोरे हवेत. जर्मनीत एकाच लढाईत लढलेल्या दोन शिपायांपैकी एकाला घर मिळालं, दुसऱ्याला भाड्याची खोली. त्या घराची किंमत पुढे पन्नासपट झाली. मुलाच्या कॉलेजची फी त्यातून गेली, नातवाच्या घराचा पहिला हप्ताही त्यातूनच. आज दोघांच्या नातवांचे पगार सारखे असतील, पण एकाच्या पाठीमागे घर आहे.

म्हणून उत्पन्न हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, उत्पन्न की संपत्ती? उत्पन्नात गोऱ्या घराच्या रुपयामागे काळ्या घराकडे साधारण ६५ पैसे येतात. संपत्तीत? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाकडे २,८५,००० डॉलर होते आणि मधल्या काळ्या कुटुंबाकडे ४४,९००. म्हणजे रुपयाला १६ पैसे. शेजाराचंही तेच: मध्यम उत्पन्नाचं काळं कुटुंब सरासरीने ज्या वस्तीत राहतं ती गरीब गोऱ्या कुटुंबाच्या वस्तीपेक्षाही गरीब असते, आणि तिथली शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालते. चेट्टींच्याच २०१८ च्या अभ्यासात आणखी कडू गोष्ट निघाली. सारख्या उत्पन्नाच्या घरांत, एकाच मोहल्ल्यात वाढलेली काळी आणि गोरी मुलं घेतली तरी मोठेपणी काळा मुलगा कमी कमावतो. हे सुखवस्तू घरांतही खरं आहे. पैशाने जे भरून यायला हवं होतं ते आलेलं नाही.

उत्पन्नाच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याबद्दल माझं मत जरा वाईटच आहे, हे कबूल करते. भाचीच्या दाखल्यासाठी एकदा सेतू केंद्रात तीन तास उभी होते. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या मनगटावर जाड सोन्याचं कडं, चावीच्या जुडग्याला मोठ्या गाडीचा रिमोट, आणि हातात तलाठ्याकडून आणलेला कागद, वार्षिक उत्पन्न ७२ हजार. त्यांच्या मागे एक बाई, घरकाम करणारी. तिच्याकडे कोणताच कागद नव्हता, कारण चार घरांतून रोख मिळणाऱ्या पैशाचा कागद कोण देणार? तिला परत पाठवलं. गरिबीचा दाखला गरिबाला सगळ्यात अवघड जातो. पगारदार माणूस फॉर्म १६ मुळे पकडला जातो आणि धंदेवाला घसारा दाखवून सुटतो, हे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही तसंच आहे आणि इचलकरंजीतही.

तरीही कुणी म्हणेल, ठीक आहे, संपत्ती मोजा, वस्ती मोजा, शाळा मोजा, आईबाप शिकलेत का ते बघा. सगळं नीट मोजलं तर वंश विचारायची गरज काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं सर्वात चांगलं उत्तर जिथून हे सगळं सुरू झालं तिथेच मिळतं: डेव्हिसला.

कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये जनमताने सरकारी विद्यापीठांत वंश बघायला बंदी आली. ज्या मेडिकल कॉलेजाने १६ जागा ठेवल्या होत्या त्यालाच आता वंशाचा रकाना वाचायचीही सोय नाही. त्यांनी वेगळी पट्टी तयार केली. प्रत्येक अर्जदाराला शून्य ते ९९ असा प्रतिकूल परिस्थितीचा आकडा: घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण, डॉक्टर मिळत नाही अशा भागात वाढला का, घर चालवायला स्वतः हातभार लावावा लागला का, अशा आठ बाबी. डॉक्टरांच्या मुलांना शून्य मिळतं. हे वाचून मी मोठ्याने हसले, कारण आपल्याकडे डॉक्टरांच्या मुलांनीच मेडिकल कॉलेजं भरतात. २०२३ च्या निकालाच्या सुमारास तिथल्या १३३ जणांच्या वर्गात १४ टक्के काळे आणि ३० टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी होते. वंश न विचारता. म्हणजे होऊ शकतं.

पण कशाच्या बदल्यात, ते बघा. तिथे पैशावाल्या, शिकलेल्या घरांचा फायदा खरोखर काढून घेतला गेला. हार्वर्ड तसं करायला तयार नव्हतं. खटल्यातच उघड झालं की हार्वर्डला प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के एकतर खेळाडू म्हणून निवडलेले, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची, देणगीदारांची किंवा प्राध्यापकांची मुलं होती. अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला, हे झुकतं माप नसतं तर त्यांतल्या पाऊणएक जणांना प्रवेश मिळाला नसता. हे आरक्षण कोर्टाने पाडलं नाही. बापजाद्यांच्या नावावर मिळणारी जागा गुणवत्तेच्या आड येत नाही, काळ्या मुलाची येते! जॉन्स हॉपकिन्सने २०१४ मध्ये ही प्रथा बंद केली, ॲमहर्स्टने २०२१ मध्ये. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खाजगी विद्यापीठांनाही कायद्याने मनाई केली. बाकीच्या बहुतेक बड्यांनी अजून दात घट्ट आवळून धरलेत.

आणि डेव्हिसचं गणित सगळीकडे जमत नाही. हार्वर्डच्या खटल्यात वंशाविरुद्ध बाजू मांडणाऱ्यांचे तज्ज्ञ रिचर्ड काहलेनबर्ग हे आर्थिक निकषाचे कट्टर आणि प्रामाणिक समर्थक. गरिबीला भरघोस माप द्या, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत काढा, असं गृहीत धरून त्यांनी मांडणी केली, तरी काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून १० वर येत होतं. समर्थकाच्या स्वतःच्या वहीत. मिशिगनमध्ये २००६ ला वंशावर बंदी आली; १५ वर्षांत पदवीच्या काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ४ वर आलं, विद्यापीठाने हर तऱ्हेचे उपाय करूनही. निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत, २०२४ च्या शरदात, एमआयटीत काळे विद्यार्थी १३ टक्क्यांवरून ५ वर, ॲमहर्स्टमध्ये ११ वरून ३ वर. हार्वर्डमध्ये १८ चे १४. मावसबहिणीच्या फटाक्यांचं काय झालं? एमआयटीत आशियाई वंशाचे विद्यार्थी ४० वरून ४७ टक्के झाले, हार्वर्डमध्ये होते तिथेच राहिले आणि येलमध्ये ३० वरून २४ वर उतरले. हे आकडे मी तिला पाठवले नाहीत. मुलाचा अर्ज होता त्या वर्षी.

पण या सगळ्या वादात मला सर्वात जास्त शिकवलं ते कॉलेजने नाही, एका हायस्कूलने. व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीत थॉमस जेफरसन हायस्कूल आहे, सगळे टीजे म्हणतात. देशातल्या उत्तम सरकारी शाळांपैकी एक. प्रवेशपरीक्षा इतकी चुरशीची की क्लासशिवाय निभावत नसे. ज्यांनी दादर नाहीतर सदाशिव पेठेत स्कॉलरशिपचे क्लास बघितलेत त्यांना वर्णनाची गरज नाही. २०२० मध्ये शाळा मंडळाने परीक्षा आणि १०० डॉलरची अर्जफी काढून टाकली, काउंटीतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांएवढ्या जागा दिल्या आणि गरीब घरच्या मुलांना थोडं माप वाढवलं. अर्ज तपासणाऱ्यांना नाव कळत नव्हतं, वंश कळत नव्हता. काकांना हवा तसा, वंशाचा वासही नसलेला निकष!

पहिल्याच वर्षी गरीब घरच्या मुलांचं प्रमाण एका टक्क्याच्याही खालून २५ टक्क्यांवर गेलं. आशियाई विद्यार्थी ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले. आणि पालक कोर्टात गेले. त्यांत आशियाई पालक आघाडीवर होते, भारतीयही होते. अपील न्यायालयाच्या निकालात एक आकडा आहे, तो मी वहीत लिहून ठेवलाय: आधीच्या वर्षी टीजेत प्रवेश मिळालेली गरीब आशियाई मुलं १, नव्या पद्धतीत ५१. त्या पन्नास जादा मुलांचे आईबाप कुणी टॅक्सी चालवत असतील, कुणी हॉटेलात भांडी घासत असतील. त्यांच्या बाजूने आपल्यातलं कोण बोललं? फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला म्हणून पद्धत टिकली.

इथे मला 'फक्त आर्थिक' म्हणणाऱ्यांची खरी गोम कळली. वंशाला विरोध करायचा असतो तेव्हा गरिबी आठवते. गरिबी खरंच दारात येऊन उभी राहिली की गुणवत्ता आठवते. जुलै २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या न्याय खात्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना बजावलं की वंशाची पळवाट म्हणून वस्ती किंवा आर्थिक स्थिती बघत असाल तर तेही बेकायदा ठरू शकेल. त्यानंतर दोन महिन्यांत, अर्जदाराची शाळा आणि वस्ती कशी आहे हे कॉलेजांना दाखवणारं 'लँडस्केप' नावाचं साधन, प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने बंद केलं. वंश नको, वर्ग बघा, म्हणत होतात ना? आता वर्ग बघितला तर त्यातून वंश डोकावतो म्हणून तोही नको.

आपल्याकडे याहून वेगळं झालं असं म्हणवत नाही. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षण आलं. पण त्यात दलित, आदिवासी आणि ओबीसी गरीब बसत नाहीत. म्हणजे गरीब म्हणून अर्ज करायचा तरी आधी आपली जात कोणती नाही ते सिद्ध करायचं! मर्यादा वर्षाला ८ लाख, जी ओबीसींच्या क्रीमी लेयरचीही आहे. एकीकडे ८ लाखांच्या वर गेलात की तुम्ही प्रगत, दुसरीकडे ८ लाखांपर्यंत तुम्ही दुर्बल. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ३ विरुद्ध २ मतांनी ग्राह्य धरलं. विरोधातल्या दोघांचा आक्षेप नेमका हाच होता की सर्वांत गरीब माणसालाच बाहेर का ठेवता. काकांनी त्याही दिवशी फटाके पाठवले होते. आर्थिक निकष खरा आवडत असता तर त्यांनी तो सगळ्या गरिबांना लावा म्हटलं असतं.

माझं मत विचाराल तर दोन्ही रकाने हवेत. वंशाचा आणि गरिबीचा, शेजारी शेजारी. दोन्हींत खूण असलेल्या मुलाकडे आधी बघा, एकीतच असेल त्याच्याकडे नंतर, आणि एकीतही नसेल पण आजोबांनी इमारत बांधून दिली असेल त्याच्याकडे सगळ्यात शेवटी. अमेरिकेत यातला पहिला रकाना कोर्टाने खोडला आहे. उरलेला तरी संपत्तीपर्यंत, वस्तीपर्यंत, डॉक्टरच्या मुलाला शून्य देण्यापर्यंत नेला पाहिजे. आणि नेल्यावरही सांगत राहिलं पाहिजे की हा पहिल्याची जागा भरत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. तिथल्या लोकांकडून इथल्यांनी कित्ता घ्यावा ही त्यांची इच्छा. दीडशे वर्षांनी आपण कित्ता घेतोय, पण वहीचं पान भलतंच उघडलंय.

२०२३ च्या निकालात रॉबर्ट्स यांनी एक खिडकी उघडी ठेवली: वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो. त्यामुळे आता सगळा भार ६५० शब्दांवर. न्यू जर्सीत निबंध शिकवणारे समुपदेशक तासाला किती घेतात ते मावसबहिणीने सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं, हा आकडा कुठल्या रकान्यात लिहितात?

२०२४ च्या ऑक्टोबरात भाच्याचा कच्चा निबंध माझ्याकडे आला, "मावशी, मराठी शब्द बरोबर आहेत का तेवढं बघ." समुपदेशकाने घरातला संघर्ष शोधायला सांगितलं होतं. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात संघर्ष मिळेना म्हणून त्याने आमच्या आजोबांना, त्याच्या पणजोबांना धरलं होतं. वार, ओवरी, शेंगदाणे, गुरुवारचं तूप, सगळं होतं. पोरगं लिहितं चांगलं. मी 'माधुकरी' आणि 'वार' यांतला फरक दुरुस्त केला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सांगितलं. मग समासात एकच प्रश्न लिहिला: "त्या सहा घरांनी दार का उघडलं असेल रे?"

रात्री उशिरा त्याचा फोन आला. म्हणाला, "मावशी, आईला विचारलं. ती म्हणते, हे निबंधात नको."